धुराडं आणि शिडी

परवा जळगावला मुलाच्या नव्या फ्लॅटवर गेलो होतो. स्वयंपाकघरात चिमणी बसवायला एक माणूस आला होता. (आमच्या लहानपणी चिमणी म्हणजे रॉकेलचा दिवा. आता ती धूर ओढते. असो.) भिंतीवर खुणा करून झाल्यावर त्याने विचारलं, "काका, पाईप बाहेर काढायचा की बिनपाइपाची बसवू? तिला भिंत फोडावी लागत नाही."

मी म्हटलं, "मग धूर जातो कुठे?"

"आतल्या आत गाळला जातो ना. हवा परत खोलीत येते."

सूनबाई म्हणाली, "बाबा, आम्ही कुठे चूल पेटवणार आहोत? पाईप कशाला?" तिचंही बरोबरच होतं. पण त्या दिवशी भरताची वांगी गॅसवर भाजायला ठेवलेली होती, घरभर धूर झाला होता आणि माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळत राहिला. धूर जातो कुठे? हा प्रश्न मी आयुष्यात फार उशिरा विचारला. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

आमचं गाव अमळनेर-धुळे रस्त्याच्या आतल्या बाजूला. घर धाब्याचं. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, धाब्याचं घर म्हणजे मातीच्या जाड भिंती, वर लाकडी कड्या, त्यावर काड्याकुड्या आणि त्यावर मातीचा जाड थर देऊन केलेलं सपाट छत. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत हे घर आतून गार राहतं आणि रात्री धाब्यावर खाटा टाकून झोपता येतं. आमच्या हवेला इतकं सोयीचं घर दुसरं नाही.

पण त्याची एक अडचण होती. कौलारू घरात धूर कौलांच्या फटींतून हळूहळू का होईना बाहेर जातो. धाब्यातून काहीच जात नाही. जी माती ऊन अडवते तीच धूरही अडवते. म्हणून चुलीच्या वर छतात एक वीतभर भोक ठेवलेलं असायचं. त्यावर बूड फुटलेलं मडकं पालथं बसवायचं आणि पावसाळ्यात त्यावर फरशीचा तुकडा. म्हणजे पावसाळ्याचे चार महिने तो रस्ता जवळजवळ बंदच. त्याच दिवसांत सरपण ओलं, म्हणजे धूरही सगळ्यात जास्त!

सरपण म्हणजे काय, तर पऱ्हाट्या. कपाशी वेचून झाली की शेतात उरतात त्या काड्या. तुरीच्या काड्या, गोवऱ्या आणि जमलं तर बाभळीचं लाकूड. पऱ्हाटी फुकटची, पण भुर्रकन जळते. सारखी पुढे सारावी लागते, म्हणून चुलीपासून हलता येत नाही. माय पहाटे चुलीशी बसायची. कळण्याच्या भाकरी, भाजी, मग गुरांचं आंबोण. संध्याकाळी पुन्हा तेच. फुंकणीने फुंकताना तिचा चेहरा चुलीच्या तोंडापासून हातभर अंतरावर असायचा. कड्या काळ्याकुळकुळीत झालेल्या होत्या. धुरामुळे लाकडाला कीड लागत नाही, वर टांगलेलं बियाणं टिकतं, डास येत नाहीत, असं घरातले मोठे सांगत. खोटं नव्हतं ते. धुराचे फायदे घराला होते. तोटा एकाच माणसाला होता आणि ते माणूस तक्रार करत नव्हतं.

आमच्याच अंगणात एक तांब्याचा बंब होता. बंब ज्यांनी पाहिला असेल त्यांनी आठवून बघावा. पाण्याच्या भांड्याच्या मधोमध एक उभी नळी असते. खाली विस्तव, वर पाणी आणि धूर त्या नळीतून सरळ वर. नळी तापते, त्यातली हवा हलकी होऊन वर जाते आणि खालून नवी हवा विस्तवाकडे ओढली जाते. त्यामुळे विस्तव धगधगतो, फुंकावं लागत नाही. धुराड्याचं सगळं शास्त्र त्या बंबात होतं. आंघोळीच्या पाण्याला आम्ही धुराडं दिलं होतं, भाकरी करणारीला दिलं नव्हतं. हे माझ्या लक्षात यायला चाळीस वर्षं लागली.

जळगावकरांना तर याहून मोठं धुराडं ठाऊक होतं. १८७० च्या दशकात जळगावला खानदेश मिल उभी राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमळनेरला प्रताप मिल आली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने तर ठिकठिकाणी झाले. त्या काळच्या वाफेच्या कारखान्याला उंच धुराडं लागायचंच. ते काही शोभेसाठी नव्हतं. धुराडं जितकं उंच तितकी ओढ जास्त, उंची दुप्पट केली तर ओढही साधारण दुप्पट होते. उंच धुराड्याशिवाय बॉयलरची भट्टी नीट पेटत नसे. म्हणजे आमच्या भागातल्या कापसाच्या सरक्या काढायला, गठाणी बांधायला आणि सूत कातायला उत्तम धुराडी होती. त्याच कापसाच्या काड्या ज्या चुलीत जळत, तिच्यावर मात्र फुटकं मडकं.

हे ज्ञान तसं जुनंच. युरोपात थंडीमुळे घराघरांत शेकोटीची कोनाडी असत आणि ती फार धुरकटत. बेंजामिन फ्रँकलिनने १७८५ साली धुरकटणाऱ्या धुराड्यांची कारणं आणि उपाय यांवर एक लांबलचक पत्र लिहिलं. नवीन घरांची दारं-खिडक्या फार घट्ट बसतात, आत हवा यायलाच वाव राहत नाही, मग धूर बाहेर तरी कसा जाणार, हे कारण त्याने आवर्जून मांडलं. पुढे १७९६ मध्ये काउंट रमफर्डने धुराड्याचा गळा अरुंद करायला सांगितलं. गळा मोठा असला की खोलीतली गार हवाही भसाभस आत शिरते, धूर थंडावतो आणि ओढ मरते. लंडनमध्ये कित्येक घरांनी त्याच्या पद्धतीने कोनाडी बदलून घेतली.

पण त्या इतिहासाची एक काळी बाजू आहे. धुराड्यात काजळी धरते. ती काढली नाही तर वाट अरुंद होते, ओढ कमी होते आणि कधी काजळीच पेट घेते. इंग्लंडमध्ये ती काढायला अरुंद धुराड्यांत लहान मुलांना चढवत. १७८८ च्या कायद्याने आठ वर्षांखालच्या मुलांना मनाई केली, १८४० च्या कायद्याने एकवीस वर्षांखालच्यांना. दोन्ही कायदे धाब्यावर बसवले गेले, प्रथा खरी थांबली ती १८७५ च्या कायद्यानंतर. म्हणजे धुराडं बांधणं हा अर्धाच प्रश्न. उरलेला अर्धा हा, की ते साफ कोण करणार?

आपल्याकडे चुलीचा विचार गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या मंडळींनी केला. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला, म्हणजे तेव्हाच्या पूर्व खानदेशात, काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं. तिथे खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शन होतं आणि उद्घाटन गांधीजींनी केलं होतं. त्या ग्रामोद्योग संघाचं घर म्हणजे वर्ध्याची मगनवाडी. तिथेच पुढे १९४० च्या दशकात 'मगन चूल' तयार झाली. मातीचीच चूल, पण तोंड एक, वर भांड्यांसाठी भोकं, आतून जाळ एका भांड्याखालून दुसऱ्याखाली जाणारा आणि शेवटी धुराडं. १९५३ साली हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे एस. पी. राजू यांनी कोट्यवधींसाठी निर्धूर स्वयंपाकघर या विषयावर इंग्रजीत पुस्तकच लिहिलं. दिशा बरोबर होती. गावोगाव मात्र काही पोचलं नाही.

धूर नुसता डोळ्यांत जात नाही, हे डॉक्टरांच्याही हळूहळू लक्षात येत होतं. डॉ. पद्मावती यांनी १९५९ मध्ये दिल्लीतल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसाच्या जुनाट आजाराने हृदयावर ताण येतो, तो हा आजार. पुरुषांत विडी-सिगारेट ओढणारे बहुसंख्य, बायकांत मोजक्या, तरी हा आजार बायकांतही जवळपास तितकाच आढळला. मग १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधल्या चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच मोजणी यंत्र लावलं. चुलीशी बसलेली बाई जी हवा श्वासात घेते तिच्यात दर घनमीटरला सुमारे ७ मिलिग्रॅम कण निघाले. शहरातल्या कारखान्यांजवळही इतकी वाईट हवा सहसा नसते.

केंद्र सरकारने १९८३ च्या अखेरीस सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो २००२ पर्यंत चालला आणि त्यात साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसवल्याचं कागदोपत्री नोंदलं गेलं. त्यातली एक आमच्या घरची.

१९८६ साल असावं. मी तेव्हा धुळ्याजवळच्या एका शाळेत होतो, शनिवारी गावी जायचो. चुलीचा अर्ज मीच भरला होता. माणूस आला, साच्यातून चूल घातली, छताच्या जुन्या भोकातून सिमेंटचा पाईप वर काढला, त्यावर टोपी बसवली आणि सही घेऊन गेला. मी कौतुकाने मायला म्हटलं, "बघ, आता धूर नाही." तिने चुलीकडे पाहिलं, पाइपाकडे पाहिलं आणि म्हणाली,

"पाईप तं बसाडा बापू, पन साफ कराले वर कोन चढी?"

मी हसलो. "मी आहे ना," म्हटलं.

पहिला महिना छान गेला. जाळ आपोआप आत ओढला जायचा. पण चुकाही हळूहळू दिसू लागल्या. पाईप धाब्याच्या वर जेमतेम दीड हात होता आणि पश्चिमेला शेजाऱ्यांची माडीची भिंत. वैशाखात पश्चिमेचा वारा सुटला की त्या भिंतीवरून खाली येणारा भोवरा धूर परत पाइपात कोंबायचा. धुराडं आजूबाजूच्या अडथळ्याहून उंच हवं, ही साधी गोष्ट पाळली गेली नव्हती. त्यात आमचा उन्हाळा! ओढ आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर असते. धूर १५० अंशांवर धरला तर पौषातल्या १० अंशांच्या पहाटे जितकी ओढ मिळते, तिच्यापेक्षा वैशाखात ४४ अंशांच्या दुपारी सुमारे एक तृतीयांशाने कमी मिळते. म्हणजे आमच्याकडे पाईप इतरांपेक्षा उंच हवा होता, तो मिळाला आखूड.

चुलीची भोकंही बेतशीर होती. खापराच्या पुरणपोळीचं खापर तिच्यावर बसेना. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे खापर पेटलंच पाहिजे, मग त्यासाठी बाजूला तीन दगडांची चूल आलीच. साचा करणाऱ्याने खानदेशातल्या एखाद्या बाईला विचारलं असतं तर हे एका वाक्यात कळलं असतं.

आणि मग ते मडकं. उन्हाळ्यात वडील धाब्यावर झोपत. संध्याकाळी खाट टाकली की पाइपातला धूर त्यांच्याकडे यायचा. एके दिवशी त्यांनी पाइपावर जुनं मडकं पालथं घातलं. साधा उपाय! धूर वर झोपणाऱ्याच्या नाकाला लागला आणि दोन दिवसांत त्याची तक्रार झाली, उपायही झाला. खाली माय चाळीस वर्षं त्यातच बसली होती. ती काही बोलली नाही. मडकं पुढच्या शनिवारी मीच काढलं. पण वडिलांनाही दोष देता येत नाही मला, कारण पुढचं माझं आहे.

त्या दिवाळीला मी शिडी लावून वर गेलो. बांबूला चिंध्या बांधून पाईप साफ केला. घमेलंभर काजळी निघाली. पऱ्हाटीच्या धुराची काजळी फार, महिन्या-दीड महिन्याने पाईप पाहायलाच हवा होता. मी पुढच्या दिवाळीला पाहिला, तोवर बोट जाईल इतकीच वाट उरली होती. त्यानंतर शाळेच्या परीक्षा, जनगणना, निवडणुका... १९९० च्या सुमारास टोपी वाऱ्याने पडली, पावसाचं पाणी आत आलं, चूल ढासळली. मायने तिच्या जागी पूर्वीसारखी चूल घातली आणि पाइपाचं भोक बुजवून टाकलं, कारण त्यातून नुसतंच पाणी गळायचं. म्हणजे फुटक्या मडक्याची जी जुनी वाट होती, तीही गेली.

शाळेत मी पाचवी ते सातवीला सामान्य विज्ञानही शिकवायचो. बी.ए. मराठीचा मास्तर, पण खेड्यातल्या शाळेत सगळंच शिकवावं लागे. त्यात एक प्रयोग होता. लाकडी खोक्याला वर दोन भोकं, दोन्हींवर कंदिलाच्या काचा. एका काचेखाली मेणबत्ती पेटवायची. दुसऱ्या काचेवर धुमसती उदबत्ती धरायची. उदबत्तीचा धूर खाली आत शिरतो आणि मेणबत्तीच्या काचेतून वर येतो. पोरं टाळ्या वाजवायची. मी विचारायचो, "यावरून काय सिद्ध होतं?" पोरं एका सुरात म्हणायची, "गरम हवा वर जाते, गार हवा तिची जागा घेते!" दुसरी काच हाताने झाकली की मेणबत्तीची ज्योत मलूल व्हायची. हा प्रयोग मी पंचवीस वर्षं केला असेल. शनिवारी दुपारी तो करून संध्याकाळी घरी जायचो आणि धुराने भरलेल्या घरात बसून मायच्या हातची भाकरी खायचो.

१९९३ साली मायला धुळ्याला नेलं. चार पावलं चालली की धाप लागायची. डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला आणि विचारलं, "विडी ओढतात का?" मी जवळजवळ रागावलोच. आमच्या घरातल्या बायका? ते शांतपणे म्हणाले, "मग चूल." एवढंच. पुढे चार वर्षं ती होती. शेवटच्या दोन वर्षांत तिला चुलीशी बसवत नव्हतं, तेव्हा घरात गॅस आला. मी आणला. दहा वर्षं आधीही आणता आला असता का? गावात तेव्हा गॅस मिळत नव्हता. पण शिडी होती, मी होतो आणि रविवार होता.

नंतर वाचनात आलं की ही गोष्ट माझ्या एकट्याच्या घरची नाही. ओडिशात सुधारित चुली दिलेल्या सुमारे २६०० कुटुंबांचा काही वर्षं अभ्यास झाला. रेमा हॅना, एस्थर डफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांचा तो लेख २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातला धूर कमी झाला. पुढच्या वर्षांत तो फायदा उरला नाही, कारण चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची डागडुजी झाली नाही. ते वाचताना मला मायचं वाक्य आठवलं. साडेतीन कोटी चुलींच्या योजनेत जो प्रश्न राहून गेला, तो तिने पहिल्या दिवशी विचारला होता. चुलीशी बसणारी एक आणि छपरावर चढणारा दुसरा. पाईप या दोघांच्या मध्ये होता आणि वरच्या टोकाला धुराचा त्रास नव्हता.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आतापर्यंत १० कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या. फार मोठं काम आहे ते. पण आमच्या गावात आजही सिलिंडर कोपऱ्यात आणि चूल चालू अशी घरं आहेत, कारण पऱ्हाटी फुकट आणि टाकी विकतची. घरातल्या धुरामुळे जगात वर्षाला सुमारे ३२ लाख माणसं दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे.

म्हणून ज्यांच्या गावच्या घरी अजून चूल पेटते त्यांना मास्तरकीच्या सवयीने चार गोष्टी सांगतो. पाईप शक्य तितका सरळ ठेवा, प्रत्येक वाकणात ओढ मरते. तो छतापेक्षा आणि जवळच्या भिंतीपेक्षा उंच न्या. छपर गवताचं असेल तर पाईप त्याला टेकू देऊ नका. चुलीच्या बाजूला खालून हवा येईल अशी खिडकी किंवा दार उघडं ठेवा, आत हवा आली नाही तर वर धूर जाणार नाही. शहरातल्यांनाही हेच लागू आहे. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये. बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर लावू नये. तिथे धूर दिसतही नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, माणूस गुंगीतच जातो.

आणि काजळी काढायचा दिवस ठरवा, माणूसही ठरवा.

तर त्या दिवशी फ्लॅटवर मी हट्टाने पाईप बाहेर काढायला लावला. भिंत फोडली, दिवसभर धूळ झाली, मुलगा थोडा वैतागला. माणूस जाताना म्हणाला, "काका, जाळी महिन्याला धुवायची आणि वर्षातून एकदा पाईप बघायचा, नाहीतर तेलाचा थर धरतो." मी विचारलं, "ते कोण करणार?" सूनबाई पटकन म्हणाली, "मीच करीन की, त्यात काय!"

मी म्हटलं, "नाही." आणि स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलाचं नाव लिहिलं. दर तिसऱ्या महिन्याला माझं. गुडघे दुखतात, पण स्टुलावर चढता येतं अजून.